नामालूमची बरणी

हकीम मोहिउद्दीन यांच्या दवाखान्यात भिंतीला लागून एक लांब फळी होती आणि तिच्यावर काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या. प्रत्येक बरणीवर कागद डकवलेला, वर उर्दूत आणि खाली मराठीत नाव. बनफशा, उन्नाब, मुलेठी, गावजबान. उजव्या टोकाच्या शेवटच्या बरणीवर लिहिलं होतं, नामालूम. तिच्यात घड्या घातलेले पिवळे कागद होते, आणि फुलसावंगीतल्या अर्ध्या गावाला वाटायचं की तेही औषधच आहे. माझ्या सख्ख्या मावशीनं एकदा गुडघ्यासाठी ‘ते शेवटल्या बरणीतलं’ मागितलं. हकीमसाहेब गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “बाई, त्याचा कोणाले गुण येत नाही.” मावशी रागावून घरी आली. चांगलं औषध ह्या माणसानं आपल्या नातलगांसाठी राखून ठेवलंय, असं तिचं पक्कं मत झालं.

मी धम्मरत्न. राहायला फुलसावंगीत, नोकरीला उमरखेडच्या एका कॉलेजात. तिथं मी तत्त्वज्ञान शिकवत असे. शिकवत असे म्हणजे नोट्स सांगत असे. पोरं तो विषय घ्यायची, कारण त्याचा तास संपला की दुपारची बस सापडत असे. ग्रीक तत्त्वज्ञानाच्या पेपरात दरवर्षी एक प्रश्न हमखास यायचा, ‘ग्रीक विचारांचे आजच्या काळातील महत्त्व स्पष्ट करा’. दहा गुण. मी त्याचे पाच मुद्दे सांगायचो, पोरं ते पाठ करायची, आणि तपासणारा प्रत्येक मुद्द्याला दोन गुण द्यायचा. यात कुणाला काही खटकत नव्हतं, मला तर मुळीच नाही.

हकीमसाहेबांनी मला एकदा रस्त्यात हटकलं. “सर, तुमी सुक्रात शिकवता म्हणे?”

मला वाटलं त्यांच्या घरातल्या कुणाबद्दल बोलताहेत. मग लक्षात आलं की सॉक्रेटिस. सुक्रात, अफलातून, अरस्तू आणि ग्रीकांचा आद्य वैद्य बुकरात ही नावं ते अशी घ्यायचे की जणू ही मंडळी शेजारच्या महागावला राहतात आणि सणावाराला घरी येतात. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात हैदराबादला तिब्ब, म्हणजे यूनानी वैद्यक, शिकून आले. त्यांच्यापासून वडिलांकडं आणि वडिलांपासून ह्यांच्याकडं हे सगळं उर्दूतून आलं होतं. दवाखान्यावर पाटी होती ‘यूनानी दवाखाना’, यूनानी म्हणजे ग्रीक. ती पन्नास वर्षं गावानं वाचली, पण यूनान म्हणजे काय हे विचारलं ते फक्त एका पोरानं. त्यानं विचारलं, यूनान कोणत्या तालुक्यात येते. हकीमसाहेब हा किस्सा सांगताना डोळे पुसेपर्यंत हसायचे.

तेव्हापासून मी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागलो. खरं सांगायचं तर त्यांना शिकवायला जात होतो. मी त्यांना म्हणालो, तुमचे ते अखलात, म्हणजे शरीरातले चार रस, खून, बलगम, सफरा, सौदा, ते जगानं कधीच मोडीत काढलेत. ते म्हणाले, “काढले असतीन. आमी तरी कुठं म्हणतो का सगळं बरोबर हाय.” मी म्हणालो, मग चालवता कशाला. त्यांनी समोर बसलेल्या माणसाची नाडी सोडली नाही. “माणूस माह्यासमोर बसला, सर. त्याले काहून त्रास होऊन राह्यला, हे तर विचारा लागते ना. बुकरातनं तेच सांगतलं. भुतानं झपाटलं म्हणू नका, कारण शोधा. जबाब चुकला असन त्याचा. सवाल तर नाही चुकला.”

यावर मला बोलता आलं असतं, पण मी चहा प्यालो.

नामालूमच्या बरणीचं गुपित त्यांनी मला साधारण वर्षभरानं सांगितलं. आजोबांनी घालून दिलेला रिवाज होता. रोज दवाखाना बंद करायच्या आधी, त्या दिवशी जो रोगी आपल्याला कळला नाही त्याचं नाव, लक्षणं, काय दिलं आणि काय समजलं नाही, हे एका कागदावर लिहायचं आणि बरणीत टाकायचं. सगळं कळलं असेल तर त्या दिवशी काही टाकायचं नाही. आजोबांच्या हातचे कागद तळाशी होते, वडिलांचे मध्ये आणि ह्यांचे वर.

मी अक्षरशः उठून उभा राहिलो. “हकीमसाहेब, हाच तर सॉक्रेटिस. मला काही कळत नाही एवढंच मला कळतं.”

“दादाजी बी असंच काही म्हणत.”

“आणि रोग्याला सांगता हे?”

ते माझ्याकडं बघून हसले. “रोग्याले सांगू? मंग सकाळी येईन कोण?”

मीही हसलो. दुसऱ्या दिवशी वर्गात ती बरणी उदाहरण म्हणून सांगितली आणि माझ्या पाच मुद्द्यांत ती सहावी जाऊन बसली.

त्या ओट्यावर बसून मी रोग्यांचे नमुने पुष्कळ पाहिले. त्यातली तुळसाबाई विसरता येत नाही. तिची पोर वैष्णवी दहा वर्षांची, धडधाकट. पण पोरगी एकदा शिंकली की तुळसाबाई तिला कमरेवर घेऊन पळत सुटायची. दहा वर्षांच्या पोरीला कमरेवर. दवाखाना उघडायच्या आधी येऊन दाराला टेकून बसायची. गल्लीतल्या बाया म्हणत, आली बापा मेलगाडी. हकीमसाहेब पोरीची जीभ पाहायचे, मुलेठीचा म्हणजे ज्येष्ठमधाचा तुकडा द्यायचे, आणि ‘काही नाही, जा’ म्हणायचे. ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहायची. “उशीर तं नाही झाला ना सायेब?” दर वेळी हेच विचारायची. हकीमसाहेब दर वेळी मान खाली घालून दुसऱ्याच कशाचं तरी झाकण बसवत बसायचे. मला वाटायचं, कंटाळले असतील.

तिचा नवरा मारोती फवारणीचा मजूर. त्याला स्वतःचं शेत नव्हतं. दुसऱ्यांच्या कपाशीवर पाठीवरच्या पंपानं औषध मारायचं हे त्याचं काम, आणि त्या कामात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. दोन तासांची पट्टी तो दीड तासात काढायचा.

ही गोष्ट दोन हजार एक सालच्या कपाशीच्या हंगामातली. त्या वर्षी बोंडअळीनं असा पिच्छा पुरवला की आठ दिवसांनी करायची फवारणी चौथ्या दिवशी होऊ लागली. एकानं भागत नाही म्हणून लोक दोन-दोन औषधं एकाच बादलीत कालवू लागले. तोंडाला दुपट्टा बांधला की बंदोबस्त झाला, असं सगळे मानून चालायचे. संध्याकाळी परतणारी माणसं घामानं निथळायची, कुणाच्या तोंडातून लाळ गळायची, कुणाला अंधारी यायची.

मारोती असाच एका संध्याकाळी आला. घाम, लाळ, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात पिळे. हकीमसाहेबांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, हात छातीवर ठेवला. एवढं पाणी सुटलंय म्हणजे बलगम, कफ, उसळलाय, असा त्यांनी हिशेब केला. त्यांच्या विद्येप्रमाणं तो बरोबरच होता. काढा दिला, चार दिवस घ्यायला सांगितला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आले, त्यांनाही तोच दिला. चौथ्या दिवशी तिघंही ठणठणीत.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. हकीमाचा काढा फवारणीवर लागू पडतो, हे आधी मजुरांत झालं, मग शेतकऱ्यांत, मग देवीलालच्या दुकानात. देवीलालचं बसथांब्यासमोर कृषी केंद्र होतं. माणूस वाईट नाही, पण गिऱ्हाईक नाराज झालेलं त्याला बघवत नसे. त्यानं हकीमसाहेबांना गळ घातली आणि रोज सकाळी काढ्याचा एक मोठा डबा दुकानाच्या पायरीवर ठेवायला लावला. मजूर तिथं जमायचे, पंप भरायच्या आधी एक-एक पेला घ्यायचे आणि कामाला जायचे. आता ते दिवस मावळेपर्यंत फवारू लागले. दुपट्टासुद्धा सोडला कित्येकांनी. काढा घेतलाय, मग कशाला ते तोंड आवळून घ्यायचं?

मी काय केलं ते लिहिलं पाहिजे. माझ्या बायकोचा भाऊ उमरखेडजवळ शेती करतो. त्याच्यासाठी मी त्या काढ्याच्या दोन बाटल्या स्वतः घेऊन गेलो. आणि त्याच आठवड्यात मी वर्गात तर्कशास्त्र शिकवत होतो.

वर्गात मी सांगितलं होतं की एक गोष्ट दुसरीच्या नंतर झाली म्हणून ती पहिलीमुळं झाली असं होत नाही. पोरांना कळावं म्हणून गावचं उदाहरण दिलं. श्रावण सकाळी पानटपरी उघडतो आणि पाच मिनिटांनी उमरखेडची बस येते. रोज येते, म्हणून टपरी उघडल्यामुळं बस येते का? पोरं हसली. त्यातल्या एकानं हे हकीमसाहेबांना सांगितलं, कारण तो त्यांच्या गल्लीतला.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर गेलो तर त्यांनी चहा सांगितलाच नाही. “सर, ते श्रावणच्या टपरीचं मले एकदा सांगा.”

मी सांगितलं. त्यांनी दुसऱ्यांदा सांगायला लावलं. मग म्हणाले, “मारोती आला तो दिवस तुमच्या ध्यानात हाय?”

“पोळ्याच्या आदल्या दिवशी.”

“अन् बरा झाला तो?”

मी बोटांवर दिवस मोजले आणि तिथंच थांबलो. पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आणि त्यानंतरचा दिवस झडीचा. त्यांनी चप्पल घातली आणि सरळ मजुरांच्या वस्तीत गेले. मी मागोमाग. तिघांनाही त्यांनी एकच गोष्ट विचारली, पोळ्यात फवारलं का. मारोती तर हसायलाच लागला. “पोळ्याले कोन फवारते सायेब? बैलं सजवली, पुरणपोळी खाल्ली, झोपा काढल्या.”

“आंग धुतलं होतं?”

“पोळ्याले आंग नाही धुनार तं कधी धुनार?”

दवाखान्यात आल्यावर त्यांनी कागद घेतला, उर्दूत दोन ओळी लिहिल्या, मला वाचून दाखवल्या. ‘फवारणीवाले. काढ्यानं बरे झाले की पोळ्यानं, समजलं नाही.’ घडी घातली, बरणीत टाकली, झाकण लावलं. मला वाटलं, झालं. मी उठलोसुद्धा.

ते मात्र बरणीपुढून हलले नाहीत. “सर, सुक्रात चिठ्ठ्या लिहून बरणीत टाकत होता का?”

“नाही. त्यानं काहीच लिहिलं नाही. तो बाजारात जायचा, लोकांना विचारायचा, आणि आपल्याला कळत नाही हे तिथंच सगळ्यांसमोर सांगायचा.”

“मले माहीत हाय. मी तुमाले विचारून राह्यलो.”

मग ते बसले आणि बराच वेळ स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत राहिले. आजोबांनी लिहिलं, वडिलांनी लिहिलं, आपण लिहिलं. रोज लिहिल्यावर झोप चांगली लागायची. कुणाला काही माहीत नाही आणि आपण मात्र खुदासमोर सच्चे. “सकाळी ते लोक काढा पिऊन जहरात उतरतीन. माही चिठ्ठी बरणीत. त्याईले काय फायदा तिचा?”

मी म्हणालो, सकाळपासून डबा पाठवू नका म्हणजे झालं. ते म्हणाले, डबा बंद केला तर लोक म्हणतील माल संपला, आणि घरी स्वतः उकळतील. सांगावंच लागेल. मी म्हणालो, तुमचं नाव जाईल. त्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. “सुक्रातले जहर पाजलं. माहे तं फक्त रोगी जातीन.” पण ते घाबरलेत हे मला स्पष्ट दिसलं. सत्तर वर्षांचा माणूस, तीन पिढ्यांचं नाव.

सकाळी मी बसची वाट बघत उभा होतो. श्रावणची टपरी उघडली होती. समोर देवीलालच्या पायरीजवळ दहा-अकरा मजूर, पंप रांगेत ठेवलेले. आदल्या दिवशीचा काढा डब्यात होता, तो पेल्यापेल्यानं वाटून चालला होता. तुळसाबाई मारोतीची भाकर घेऊन आली होती, सोबत वैष्णवी. हकीमसाहेब गल्लीतून आले ते काखेत बरणी घेऊन.

“थांबा रे,” ते म्हणाले. “हा काढा फवारणीच्या त्रासावर चालत नाही.”

कुणाला काही कळलं नाही. देवीलाल आतून बाहेर आला. हकीमसाहेबांनी सगळं सांगितलं, पोळ्याचं, आंघोळीचं, झडीचं. तुम्ही बरे झालात ते तीन दिवस विषापासून लांब होतात म्हणून. लाळ सुटली, डोळ्यांपुढं अंधारलं, तर माझ्याकडं येऊ नका, उमरखेडला सरकारी दवाखान्यात जा, तिथं याचं इंजेक्शन असतं. अंगावर सांडलं तर लगेच साबणानं धुवा. तोंड बांधा. वाऱ्याच्या उलट फवारू नका.

एक मजूर म्हणाला, “म्हंजे आता काढ्याऐवजी पोळा प्यायचा का?” सगळे हसले. देवीलालही हसला आणि म्हणाला, “हकीमसायेब, तुमी फारच नम्र मानूस. लोकायचा भरोसा हाय, राहू द्या ना.”

मारोती हातातला पेला दाखवत म्हणाला, “मले गुण आला ना सायेब. तुमाले समजत नाही असं कसं होईन? तुमाले तं सगळंच समजते.”

तिथं त्यांना राग आला. आयुष्यात मी त्यांना तेव्हा एकदाच रागावलेलं पाहिलं, आणि तो राग मारोतीवर नव्हता. त्यांनी बरणी पायरीवर ठेवली, झाकण काढलं. “हे पाहा. हे काय हाय माहीत हाय का तुमाले? हे मले जे समजलं नाही ते हाय. माह्या बापाले समजलं नाही, त्याच्या बापाले समजलं नाही, ते हाय.” त्यांनी मूठभर कागद काढले आणि एकेक वाचू लागले. उर्दूत लिहिलेलं, पण वाचताना मराठीत. अमक्या साली अमक्याची आई, पाय सुजले, तीन महिने औषध दिलं, काही समजलं नाही. अमक्याचा भाऊ, कावीळ म्हणून औषध दिलं, कावीळ नव्हती. देवीलालच्या वडिलांचाही एक कागद निघाला. देवीलालचं हसू गेलं.

बस आली, उभी राहिली, निघून गेली. मी चढलो नाही.

तुळसाबाई भाकरीचं फडकं हातात धरून पुढं आली. तिचा आवाज अगदी साधा होता. “सायेब, त्याच्यात माह्या छबीची चिठ्ठी हाय का?”

छबी कोण हे मला ठाऊक नव्हतं. मागाहून कळलं, वैष्णवीच्या आधीची पोरगी. तिसऱ्या वर्षी तापानं गेली, त्याला अकरा वर्षं झाली होती.

हकीमसाहेब वाकलेले होते ते तसेच राहिले. मग त्यांनी बरणीत हात घातला आणि फार न शोधता एक कागद काढला. मला तेव्हा कळलं की हा कागद कुठं आहे हे त्यांना नेहमीच माहीत असणार. तिथं उर्दू वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. ते काहीही वाचू शकले असते.

“छबी, मारोतीची मुलगी. उमर तीन वर्षं. ताप, मान ताठ, उजेड सहन होत नाही. ताप आल्यावर दुसऱ्याच दिवशी आणली. वेळेत आणली. मला समजलं नाही. नांदेडला पाठवायला पाहिजे होतं.”

ते थांबले. मग कागदावर नसलेलं बोलले. “पोरगी गेली तवा मी तुले म्हटलं होतं, उशीर केला, आंधी आणाले पाह्यजे होती. ते झूट होतं, तुळसा. माह्या तोंडात आलं अन् मी बोललो. मले समजलं नाही हे सांगाची हिंमत नोयती.”

मारोतीच्या हातातला पेला तसाच होता. तुळसाबाईनं विचारलं, “म्हंजे मी उशीर नोयता केला?”

“नाही.”

“वेळेवर आणलं होतं मी?”

“वेळेवर आणलं होतं तू.”

ती खाली बसली. रडली नाही. दोन्ही हात मातीवर टेकून बसली. मला त्या क्षणी हकीमसाहेबांचा भयंकर राग आला. अकरा वर्षं. सारखी येत होती ती यांच्या दारात, दर वेळी विचारत होती, उशीर तर नाही झाला ना, आणि हे झाकणं बसवत होते. मग स्वतःचाही राग आला, कारण त्याच ओट्यावर बसून मी तिला हसत होतो, आणि तीच बरणी पोरांना आदर्श म्हणून सांगत होतो.

थोड्या वेळानं तुळसाबाई उठली. मारोतीच्या हातातला पेला घेतला आणि रस्त्यावर ओतला. मग पंपाचा पट्टा स्वतःच्या खांद्यावर घेतला. “चाल घरी,” ती त्याला म्हणाली. तो गेला. बाकीच्यांतले तिघं त्या दिवशी कामाला गेले नाहीत. सात जण गेले, पण त्यातल्या बहुतेकांनी तोंड बांधलं होतं.

याचा परिणाम काय झाला ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की खरं बोलल्यावर माणसाचा सत्कार होतो. हकीमसाहेबांचे निम्म्याहून जास्त रोगी तुटले. म्हातारा चळला, असं गाव म्हणू लागलं. ज्यांच्या घरचे कागद बरणीतून निघाले त्यातला एक जण दवाखान्यात येऊन तासभर शिव्या देऊन गेला. हकीमसाहेबांनी त्या ऐकून घेतल्या आणि शेवटी त्याला पाणी दिलं. देवीलाल दोन महिने बोलला नाही. मी माझ्या मेहुण्याकडं धावत गेलो, तर त्यानं दोन्ही बाटल्या कधीच संपवल्या होत्या. सुदैवानं त्याला काही झालं नव्हतं. पण त्याच हंगामात त्या पायरीवरच्या मजुरांपैकी दोघांना लाळ सुटली, आणि दोघंही काढ्याची वाट न बघता थेट उमरखेडला गेले. दोघंही जिवंत परत आले.

नामालूमची बरणी त्यानंतरही फळीवर होती, पण हकीमसाहेब कागद आधी रोग्याला वाचून दाखवायचे आणि मगच बरणीत टाकायचे. माझ्या दहा गुणांच्या प्रश्नाचं म्हणाल तर त्या वर्षी मला पाच मुद्दे सांगता येईनात. मी पोरांना त्या सकाळची गोष्ट सांगितली. परीक्षेत ती लिहिणाऱ्यांना दहातले तीन-चार गुण पडले, आणि पोरं माझ्यावर नाराज झाली.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. कापसाची वेचणी जोरात होती. मी सकाळचा ओट्यावर बसलो होतो. साडेदहा वाजून गेले असतील, तेव्हा तुळसाबाई वैष्णवीला घेऊन आली. पोरगी स्वतःच्या पायांनी चालत होती, डोळे तापानं तांबारलेले.

हकीमसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. “कवापासून ताप हाय?”

“काल दुपारपासून,” तुळसाबाई म्हणाली. “म्हटलं, सकाळची वेचणी आटपू, मंग जाऊ.”

त्यांनी वैष्णवीचं मनगट हातात घेतलं. नाडी पाहायला लागते त्याहून पुष्कळ जास्त वेळ ते मनगट धरून राहिले. मग घसा पाहिला. “ताप मामुली हाय. पन ह्या गळ्याचं मले नीट समजून नाही राह्यलं. उमरखेडले दाखवून घे.”

“बरं,” तुळसाबाई म्हणाली.

बसला अजून वेळ होता. तिनं ओट्यावर बसून फडकं सोडलं, पोरीला दुधात कुस्करलेली भाकर खाऊ घातली, उरलेली स्वतः खाल्ली, रांजणातलं पाणी प्याली. मग पोरीचा हात धरून ती बसथांब्याकडं निघाली. मी त्या बाईला इतकी वर्षं पाहत होतो, पण आजारी पोरीला घेऊन चालत जाताना पहिल्यांदाच पाहत होतो.